सूज वयाची की हृदयाची?

प्रश्न: माझ्या आईचे वय ८३ आहे. स्मृतिभ्रंशामुळे गेली दोन वर्षे ती पुण्याजवळच्या एका शुश्रूषा केंद्रात राहते. तिला जुना रक्तदाब आहे आणि त्यासाठी ॲम्लोडिपिन चालू आहे. गुडघे दुखले की वेदनाशामक गोळी दिली जाते. चार महिन्यांपासून तिचे दोन्ही पाय सुजतात, जेवताना ती मध्येच थांबते आणि रात्री उठून बसते, असे तिथल्या मावशी सांगतात. आठवड्यातून एकदा येणारे डॉक्टर म्हणतात की या वयात असे व्हायचेच. त्यांनी लॅसिक्सची (लघवीवाटे पाणी काढणारी) अर्धी गोळी सुरू केली आहे. परवा जुनी फाइल चाळताना, दोन वर्षांपूर्वी न्यूमोनियासाठी दाखल केले होते तेव्हाच्या डिस्चार्ज कार्डवर ‘हार्ट फेल्युअर’ असे लिहिलेले दिसले आणि माझे हातपाय गार पडले. इको (हृदयाची सोनोग्राफी) केल्याचा कागद कुठेच नाही. भाऊ म्हणतो, तिला आता तपासण्यांसाठी फिरवू नकोस. मी नाशिकला असते आणि महिन्यातून दोनदा तिच्याकडे जाते. हा हृदयाचाच आजार आहे की नाही हे कसे कळेल? आणि कळून तरी काय करायचे?
– एक वाचक, नाशिक

उत्तर: सप्रेम नमस्कार.

तुमचे हातपाय गार पडले, यात दोष त्या शब्दाचा आहे. आपल्याकडे ‘हार्ट फेल झाले’ असे कोणी अचानक गेल्यावरच म्हणतात, त्यामुळे हयात माणसाच्या फाइलमध्ये ते शब्द दिसले की धस्स होते. वैद्यकात त्याचा अर्थ वेगळा आहे. हृदय चालू असते, पण शरीराला लागेल तेवढे रक्त ते पुढे ढकलू शकत नाही, किंवा ढकलते ते आतला दाब वाढवूनच. मग मागे दाब तुंबतो आणि फुप्फुसांत, पायांत, पोटात पाणी साचू लागते. हा आजार वर्षानुवर्षे चालतो आणि वेळेवर ओळखला तर त्यात बरेच काही करता येते. हार्ट अटॅकशी त्याची गल्लत करू नये. अटॅकनंतर तो होऊ शकतो, परंतु तुमच्या आईंच्या वयात आणि इतक्या वर्षांच्या रक्तदाबानंतर तो अटॅकशिवायही होतो.

डिस्चार्ज कार्डवरचा तो शब्द मी आरोपपत्रासारखा वाचेन. साक्षीपुरावे अजून तपासायचे आहेत. असे म्हणण्याला आधार आहे. युरोपात ज्याला नर्सिंग होम म्हणतात ते आपले नर्सिंग होम नव्हे, कारण आपल्याकडे त्या नावाने छोटे खासगी रुग्णालय ओळखले जाते. तिकडचे नर्सिंग होम म्हणजे तुमच्या आई राहतात तसे ठिकाण. नेदरलँड्समधील अशा ठिकाणच्या सुमारे ५०० रहिवाशांची पद्धतशीर तपासणी झाली आणि तिचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. दर तिघांत एकाला हार्ट फेल्युअर असल्याचे आढळले, त्यांतल्या निम्म्याच्या आसपास लोकांच्या कागदपत्रांत त्याची नोंदच नव्हती, आणि गंमत म्हणजे ज्यांच्या फाइलवर हे निदान आधीपासून होते त्यांच्यापैकी बऱ्याच जणांत ते तपासणीनंतर टिकले नाही. ईशान्य इंग्लंडमधील सुमारे ४०० रहिवाशांचा असाच अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे हा आजार पाचांत एकाहून थोडा अधिक लोकांना होता, त्यांतील सुमारे तीन चतुर्थांश लोकांना तो असल्याचे कोणाला ठाऊक नव्हते, आणि फाइलमध्ये आधीपासून असलेली निदाने बहुतांशी चुकीची निघाली. म्हणजे चूक दोन्ही बाजूंनी होते. ज्याला आजार आहे त्याला ‘वय झाले’ म्हणून सोडून दिले जाते, आणि ज्याला नाही त्याच्या कपाळी तो कायमचा चिकटतो. तुमच्या आईंच्या बाबतीत या दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडलेल्या दिसतात: कार्डवर निदान आहे, आणि डॉक्टरांच्या तोंडी वय आहे.

अशा ठिकाणी निदान अवघड का होते, हे समजून घेतले तर तुम्हाला त्या डॉक्टरांचा राग जरा कमी येईल. हार्ट फेल्युअर ओळखण्याचा नेहमीचा प्रश्न ‘जिना चढताना दम लागतो का?’ हा आहे. जी व्यक्ती पलंगावरून खुर्चीवर आणि खुर्चीवरून आधाराने न्हाणीघरापर्यंत जाते, तिला दम लागण्याइतके श्रमच घडत नाहीत. शिवाय स्मृतिभ्रंश असलेला माणूस ‘मला आडवे झाले की गुदमरते’ असे सांगत नाही. तो उठून बसतो, पांघरूण फेकतो, कोणाला तरी हाका मारतो, आणि वहीत नोंद होते ती ‘रात्री त्रास देतात’ अशी. उलट पायांच्या सुजेला कारणे भरपूर असतात. दिवसभर पाय खाली सोडून खुर्चीत बसणे, शिरांचा जुना दोष, मूत्रपिंडाचा आजार, खाणे कमी झाल्याने रक्तातले अल्ब्युमिन हे प्रथिन घटणे, आणि तुमच्या आईंच्या यादीत असलेली दोन औषधे. ॲम्लोडिपिनने घोटे सुजतात, ही सूज हृदयाची नसते आणि लॅसिक्सने ती फारशी हटतही नाही. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन यांसारख्या वेदनाशामक गोळ्या शरीरात मीठ-पाणी धरून ठेवतात. हृदय आधीच कमकुवत असेल तर त्या त्याला थेट अडचणीत आणतात. कोणती वेदनाशामक गोळी दिली जाते ते तुम्ही लिहिलेले नाही. माझ्या दृष्टीने तुमच्या पत्रातली ती सर्वांत मोठी गाळलेली जागा आहे. केंद्रातल्या औषधांच्या नोंदवहीचा फोटो आजच मागवून घ्या.

आता पुरावे गोळा करण्याकडे वळू, आणि सुरुवात प्रयोगशाळेतून करू नका, रात्रपाळीच्या मावशींपासून करा. अनेक वर्षांपूर्वी मी अशाच एका केंद्रात गणिताच्या एका निवृत्त शिक्षकांना पाहायला जात असे. रात्री आरडाओरडा करतात म्हणून त्यांना झोपेची गोळी सुरू होती. एकदा जरा उशिरा गेलो असता रात्रपाळीच्या मावशी सहज बोलून गेल्या, ‘सर खुर्चीत असले की गाढ झोपतात हो, पलंगावर टेकवले की सुरू होतात.’ त्यांचे अर्धे निदान या एका वाक्यात झाले होते, आणि दिवसाढवळ्या पंधरा मिनिटांसाठी येणाऱ्या आम्हा डॉक्टरांना ते तीन महिने दिसले नव्हते.

तुमच्या आईंची काळजी घेणाऱ्या मावशींना म्हणून नेमके प्रश्न विचारा, कारण ‘बरे आहे ना?’ या प्रश्नाला ‘बरे आहे’ हेच उत्तर मिळते. आई उठून बसतात त्या झोपल्यानंतर किती वेळाने? बसवून ठेवले, खिडकी उघडली, की पंधरा-वीस मिनिटांत शांत होतात का? तसे असेल तर संशय हृदयाकडे जातो. संध्याकाळ झाली की सुरू होणारी आणि बसवले, आडवे केले तरी न थांबणारी बेचैनी स्मृतिभ्रंशाची असू शकते. पूर्वी एका उशीवर झोपणाऱ्या आईंना आता दोन-तीन उशा लागतात का? आडवे झाल्यावर कोरडा खोकला येतो का? जेवताना थांबतात ते घास गिळता येत नाही म्हणून, भूक नाही म्हणून, की चार घास चावताच धाप लागते म्हणून? अंघोळ घालताना, वाकवून पायमोजे घालताना श्वास वाढतो का? गेल्या महिनाभरात कपडे कमरेला घट्ट झाले आहेत का?

पुढच्या भेटीत एक गोष्ट स्वतः करून पाहा. आईंना कुशीवर वळवा, पाठीचा कपडा वर करा आणि कमरेच्या खाली, माकडहाडाच्या वरच्या सपाट भागावर अंगठा दहा-पंधरा सेकंद दाबून धरा. अंगठा उचलल्यावर तिथे खळगा राहिला तर ती सूज आहे. जो माणूस बराच वेळ आडवा असतो त्याच्या शरीरातले पाणी पायांत न उतरता कमरेमागे उतरते, आणि डॉक्टर पाय पाहून ‘सूज नाही’ असे लिहून जातात. असाच खळगा नडगीवर पाहा आणि तो गुडघ्याच्या किती जवळपर्यंत उमटतो ते लिहून ठेवा. सूज एकाच पायाला असेल, पाय गरम किंवा दुखरा असेल, तर प्रकरण वेगळे आहे. शिरेत गुठळी झाल्याची शक्यता धरून त्याच दिवशी दाखवायला हवे.

दुसरे साधन वजनकाटा. रोज सकाळी लघवी झाल्यावर, नाश्त्यापूर्वी, त्याच काट्यावर, साधारण तेवढ्याच कपड्यांत वजन घेऊन वहीत लिहायला सांगा. तीन दिवसांत दोन किलोहून अधिक वाढ झाली तर ती चरबी नसते, पाणी असते. आईंना उभे राहता येत नसेल तर घोट्याच्या वर ठरावीक जागी टेपने घेर मोजणे हा गरिबाचा उपाय आहे, पण नोंद नसण्यापेक्षा तो बरा. (बहुतेक केंद्रांत वजनकाटा असतो आणि तो कपाटाखाली असतो. मागितल्याशिवाय बाहेर येत नाही.)

तपासण्यांच्या बाबतीत तुमच्या बंधूंचे म्हणणे मी निम्मे मान्य करतो. स्मृतिभ्रंश झालेल्या ८३ वर्षांच्या बाईंना गर्दीच्या ओपीडीत चार तास बसवून ठेवणे हा छळ आहे. पण जवळजवळ सगळे निदान त्यांच्या पलंगाजवळ होऊ शकते. डॉक्टरांनी पाठ पंचेचाळीस अंशांत टेकवून मानेच्या शिरेतला दाब पाहावा, फुप्फुसांचे तळ ऐकावेत, नाडी नियमित आहे का ते पूर्ण मिनिटभर मोजावे. ईसीजीचे यंत्र खोलीत आणता येते. ईसीजी पूर्णपणे सामान्य असेल तर हृदयाचे आकुंचन बरेच कमी झालेले असण्याची शक्यता फार कमी उरते, आणि नाडी अनियमित असेल तर एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाच्या वरच्या कप्प्यांची बेताल थरथर) तिथेच पकडले जाते. हिमोग्लोबिन, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारे), सोडियम, पोटॅशियम, अल्ब्युमिन, थायरॉइड आणि लघवीतली प्रथिने यांसाठी एकदाच रक्त-लघवी द्यावी लागेल. त्याच सुईत ‘एनटी-प्रोबीएनपी’ ही तपासणीही करून घ्या.

या तपासणीबद्दल थोडे सविस्तर सांगतो, कारण तिचा अहवाल हाती पडल्यावर घरोघरी घबराट उडते. हृदयाच्या भिंतीवर ताण आला की हे द्रव्य रक्तात वाढते. अहवालावर छापलेली १२५ पिकोग्रॅमची मर्यादा अनेकदा तरुण-वृद्ध सगळ्यांना एकच असते, आणि ८३ व्या वर्षी हा आकडा हृदय ठीक असतानाही तिच्या वर असू शकतो. मूत्रपिंड मंदावले असेल, एट्रियल फिब्रिलेशन असेल तरी तो चढतो. माणूस लठ्ठ असेल तर तो फसवा कमी दिसतो, आणि लॅसिक्स चालू असतानाही उतरतो. म्हणून या तपासणीचा खरा उपयोग निदान नाकारण्यासाठी आहे, सिद्ध करण्यासाठी तितकासा नाही. ब्रिटनमधील मार्गदर्शक सूचनांनुसार, औषधोपचार सुरू नसलेल्या व्यक्तीत आकडा ४०० च्या खाली असेल तर हार्ट फेल्युअर संभवत नाही असे धरतात, ४०० ते २००० असेल तर सहा आठवड्यांत आणि २००० च्या वर असेल तर दोन आठवड्यांत इको व तज्ज्ञांचे मत घ्यावे असे सांगतात. तुमच्या आईंना लॅसिक्स चालू आहे, म्हणून कमी आलेल्या आकड्याकडेही किंचित संशयाने पाहावे.

आकडा वर आला आणि मावशींची साक्ष हृदयाकडे बोट दाखवत असेल, तर इको करायलाच हवा. त्याच्याशिवाय निदान पक्के होत नाही. मोठ्या शहरांच्या आसपास लॅपटॉपएवढे यंत्र घेऊन घरी येणारे तज्ज्ञ मिळतात. चित्र रुग्णालयातल्या इतके स्पष्ट येईलच असे नाही, पण आईंच्या खोलीत दहा मिनिटांत मिळालेले उत्तर मला चालेल. इकोच्या अहवालात सगळे नातेवाईक एकच ओळ वाचतात: ‘ईएफ ६० टक्के’. ती वाचून सुटकेचा निःश्वास टाकू नका. ईएफ म्हणजे डाव्या जवनिकेतले (हृदयाच्या खालच्या डाव्या कप्प्यातले) किती टक्के रक्त प्रत्येक ठोक्याला बाहेर पडते ते. ४० किंवा त्याहून कमी असेल तर आकुंचन बिघडलेले आहे, आणि ५० किंवा अधिक असूनही हार्ट फेल्युअर असू शकते. हृदय जोरात आवळते पण ताठ झाल्यामुळे नीट सैल होत नाही, भरत नाही. वर सांगितलेल्या दोन्ही अभ्यासांत निम्म्याहून अधिक रुग्ण याच प्रकारचे होते, आणि जुना रक्तदाब असलेल्या वयस्क स्त्रियांत हाच प्रकार जास्त आढळतो. म्हणून इकोच्या चिठ्ठीवर ‘ईएफ’ एवढेच न लिहिता डाव्या कर्णिकेचा (वरच्या कप्प्याचा) आकार, भिंतींची जाडी, भरण्याचा दाब, फुप्फुसांच्या धमनीतला दाब आणि झडपा, विशेषतः महाधमनीची झडप, यांची नोंद करावी असे डॉक्टरांकडून लिहून घ्या. याच्या पुढे, अँजिओग्राफीकडे, मी तुमच्या आईंना नेणार नाही.

लॅसिक्सबद्दल एक सावधगिरी. ‘गोळीने सूज उतरली, म्हणजे हृदयच होते’ हा तर्क चुकीचा आहे, कारण ही गोळी मूत्रपिंडावर काम करून कुठल्याही कारणाने साचलेले पाणी बऱ्याच प्रमाणात बाहेर काढते. मात्र ती परस्पर बंद करू नका. खरेच हृदयाचा आजार असेल तर चार दिवसांत श्वास अडकू शकतो. ती केव्हा दिली जाते तेवढे पाहा. संध्याकाळी दिली जात असेल तर आई रात्री उठतात त्या लघवीसाठी, अशीही शक्यता आहे, आणि त्या अंधाऱ्या फेरीत मांडीचे हाड मोडते. गोळी सकाळी द्यायला सांगा.

‘कळून काय करायचे’ हा तुमचा प्रश्न योग्य आहे. जिच्या उत्तराने काहीच बदलणार नाही अशी तपासणी करू नये. इथे मात्र दोन्ही उत्तरांनी बदल होतो. हार्ट फेल्युअर नाही असे ठरले तर डॉक्टर ॲम्लोडिपिनऐवजी दुसरे औषध देतील, वेदनाशामक गोळीच्या जागी पॅरासिटामॉल येईल (पाण्यात विरघळणारी फसफसती गोळी नको, तिच्यात सोडियम बरेच असते) आणि लॅसिक्स थांबवता येईल. ही गोष्ट लहान नाही. लॅसिक्सने सोडियम-पोटॅशियम घसरते, उठताना रक्तदाब पडतो, आणि सोडियम कमी झाल्यावर येणारी सुस्ती व भ्रम ‘स्मृतिभ्रंश वाढला’ या सदरात जमा होतो.

हार्ट फेल्युअर आहे असे ठरले, तर ईएफनुसार मार्ग वेगळे होतात. ईएफ कमी असेल तर आयुष्य वाढवणारी औषधे आहेत. या वयात ती अगदी लहान मात्रेत, रक्तदाब आणि क्रिएटिनिन पाहत सुरू करावी लागतात. ईएफ चांगले असलेल्या प्रकारात पूर्वी आम्ही पाणी काढण्यापलीकडे फारसे काही करू शकत नव्हतो, परंतु २०२१ आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन मोठ्या चाचण्यांत एम्पाग्लिफ्लोझिन आणि डापाग्लिफ्लोझिन या मूळच्या मधुमेहाच्या औषधांनी, मधुमेह नसलेल्यांतही, रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण कमी केले. पेटंट संपल्यामुळे ती आता आपल्याकडे बऱ्याच कमी किमतीत मिळतात. त्यांनी लघवीतून साखर जाते, म्हणून डायपर वापरणाऱ्या स्त्रियांत जांघेत बुरशीचा संसर्ग होऊ शकतो. आईंना डायपर असेल तर तो ओला राहू देऊ नका. जुलाब किंवा ताप येऊन खाणेपिणे तुटले तर ते औषध तात्पुरते थांबवायचे का, हे डॉक्टरांना आधीच विचारून वहीत लिहून ठेवा.

मिठाचे म्हणाल तर लोणचे, पापड, वरून घेतलेले मीठ आणि पाकिटातला फरसाण बंद करा, आणि तेवढ्यावर थांबा. अळणी जेवण समोर आले की या वयाची माणसे ताटच सरकवतात, आणि उपासमारीने येणारा अशक्तपणा मिठापेक्षा लवकर नुकसान करतो. सैंधवातही सोडियमच असते. कमी सोडियमच्या नावाने मिळणाऱ्या मिठात पोटॅशियम असते, ते मूत्रपिंड मंद असेल तर धोक्याचे.

निदान पक्के झाल्यावर तुम्ही, बंधू आणि डॉक्टर यांनी एकदा बसून एक गोष्ट ठरवून घ्यावी. मध्यरात्री धाप लागली तर केंद्राने काय करायचे? कोणती जादा मात्रा द्यायची, ऑक्सिजन केव्हा, रुग्णालयात केव्हा न्यायचे, आणि अतिदक्षता विभाग हवा की नको? ते कागदावर नसेल तर रात्री दोन वाजता एकटी सिस्टर घाबरून १०८ ला फोन करते, आणि ज्या फरफटीची बंधूंना भीती वाटते तीच घडते. तूर्त मात्र बसल्या जागी धाप लागणे, ओठ निळसर दिसणे, छातीत दुखणे, शुद्ध हरपणे किंवा बोटावरच्या यंत्रात ऑक्सिजन ९० च्या खाली जाणे, यांपैकी काहीही झाले तर कागदाची वाट न पाहता त्याच क्षणी न्यावे.

केंद्रातल्या डॉक्टरांशी बोलताना ‘तुम्ही लक्ष दिले नाही’ इथून सुरुवात करू नका. पंधरा दिवसांची वजनाची वही, मावशींची उत्तरे आणि जुने डिस्चार्ज कार्ड समोर ठेवून विचारा, ‘हे निदान आपण सिद्ध करू या किंवा खोडू या, तुम्ही काय सुचवता?’ आठवड्यातून एकदा येऊन साठ जणांना पाहणाऱ्या माणसाला अशी वही मिळाली तर तो बहुधा खूशच होईल. आणि तपासण्यांनंतर हार्ट फेल्युअर नाही असे ठरले, तर तसे तारीख घालून, सहीनिशी, फाइलच्या पहिल्या पानावर लिहून घ्या; नाहीतर पुढच्या वेळी दाखल करताना तो जुना शब्द जसाच्या तसा नव्या डिस्चार्ज कार्डवर उतरवला जाईल.